ग्रॅनाइटमधली सात अक्षरं

पाथर्डी फाट्यावरचं दुकान बंद झालं
तेव्हा शेठ किशनगडला निघून गेले.
जाताना म्हणाले, बोर्ड तुम्हीच बसवला होता,
राहिलेल्या साडेचार हजारांत
तुम्हीच उतरवून न्या.

सात अक्षरं. सोनेरी ॲक्रिलिक, दीड फुटी,
आत एलईडीच्या पट्ट्या.
जी, आर, ए, एन, आय, टी, ई.
टेम्पोत पोत्यांवर उताणी पडून आली अंबडपर्यंत.
गरवारेजवळच्या खड्ड्यात आरचा पाय तडकला.

आमच्या धंद्यात भाव अक्षराचा, तोही इंचावर.
अर्थ गिऱ्हाइकाला फुकट जातो.

श्रावस्ती सातवीत, इंग्रजी माध्यम.
फरशीवर मांडी घालून खडूनं यादी करायला बसली.
गेट निघतं. ट्रेन निघते. टायगर निघतो,
पण मग ए आणि एन दोघंच उरतात, पप्पा,
आणि वाघाच्या आधी ॲन चालत नाही.
जायंट. ग्रेन. रेन.
अँगर निघाला तेव्हा आय आणि टी उरले.
"राग, आणि ते," म्हणाली,
आणि एकटीच हसली.

ग्रेप नाही निघत.
नाशिकमध्ये राहून आपल्याकडे पी नाही!
नाशिकही नाही. सहातली तीनच सापडतात,
एन, ए, आय:
नाय.

मला दहावीला इंग्रजीत पस्तीस.
मला शब्द दिसत नाहीत,
मला वळण दिसतं, कड दिसते, ड्रिल कुठं मारायचं ते दिसतं.
एन उलटा टांगला तरी एनच राहतो,
आडवा पाडला की झेड.
हे तिला सांगितलं तर म्हणाली, असं नियमात नाही.

मग कचरू गांगुर्डे आला.
कंपनीच्या गेटसमोरची त्याची टपरी
महापालिकेनं दोनदा उचलली, तो तिसऱ्यांदा मांडत होता.
मोठं नाव परवडत नाही भाऊ,
तीन अक्षरांत काय बसतं?

पोरीनं विचारही केला नाही.
टी, ई, ए तिघांना त्याच्याकडे सरकवलं,
हातानं. अक्षराला पाय लावत नाही ती.
सहाशे रोख, बाकीचे चहात फेडीन म्हणाला.
रात्रपाळीची माणसं आता लांबूनच
तो सोनेरी टी बघून वळतात.

उरली चार.
आर, आय, एन, जी.
हा एक शब्द मला कुणी न सांगता दिसला.

सराफ बाजारात दोन वर्षांपासून ठेवलेली, मालनची,
राउटर मशीन आणलं तेव्हा.
पावती माझ्या पाकिटात, घडीवर झिजलेली,
आकडे अजून वाचता येतात.
मालन विचारत नाही.
तिच्या बोटावरचा पांढरा वळही
एव्हाना बोटासारखाच झालाय.

चारही अक्षरं तशीच, त्याच क्रमानं
भिंतीला टेकवली
आणि शटर ओढलं.

सकाळी आलो तर शटर अर्धं वर,
श्रावस्ती किल्ली घेऊन माझ्या आधी पोचलेली,
आणि जी पुढे.
शेवटून उचलून पहिला लावलेला.
बाकी कशालाच हात नाही.

काय झालं याचं?
ग्रिन.
म्हणजे?
दात दिसेपर्यंत हसणं, पप्पा.

तिला पावतीचं माहीत नाही.

मी वायर जोडून बघितली.
तडकलेला आर दोनदा मिचमिचला, मग टिकला.
मालन डबा घेऊन आली, दारातच थांबली.
तिच्या पदरावर सोनेरी उजेड पडला होता.
ही कुणाची ऑर्डर, म्हणाली.

श्रावस्ती म्हणाली, आपली.

मी खाली वाकून
उगाच ड्रिलचा बिट शोधत राहिलो.